तीन समुद्रांना पाणी वाटणारी टेकडी

पॅरिसहून स्वित्झर्लंडकडे जाणाऱ्या बससहलींना दिजाँ हे शहर मुक्कामासाठी सोयीचे पडते. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आत, रस्ता सरळ, हॉटेले पुरेशी, आणि दुसऱ्या दिवशी जुरा पर्वत ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये उतरायला दुपारही होत नाही. टूर मॅनेजर म्हणून मराठी प्रवाशांचे गट घेऊन मी अनेक वर्षे हा रस्ता केला आहे. ए-सिक्स महामार्गावरून जाताना बाहेरचा प्रदेश हिरव्या चढउतारांचा एक लांब पट्टा वाटतो. गावांची नावे फक्त बाहेर पडण्याच्या फाट्यांवर दिसतात आणि बस ताशी शंभराच्या वेगाने त्यांना मागे टाकते. या रस्त्यावर पॅरिसचे खोरे आणि भूमध्य समुद्राकडे जाणारे खोरे यांच्यामध्ये एक उंचवटा आहे, आणि पूर्व फ्रान्समधल्या कितीतरी गावांचे भाग्य हा उंचवटा कोणत्या काळी कोठून ओलांडला गेला यावर ठरले आहे. हे मी वाचलेले होते, पण गटासोबत प्रत्यक्ष पाहिले ते महामार्ग बंद पडला त्या दिवशी.

ओसेर मागे टाकल्यावर चालकाने महामार्गाच्या वाहतूक वार्ता देणारे १०७.७ हे रेडिओ केंद्र लावले. पुढे एक टँकर उलटला होता आणि दोन्ही बाजूंच्या मार्गिका बंद होत्या. आव्हालोंच्या फाट्यावर जाँदार्म, म्हणजे फ्रान्सचे निमलष्करी पोलीस, प्रत्येक वाहनाला खाली उतरवत होते, आणि तेथून पिवळ्या पाट्यांनी दाखवलेला पर्यायी मार्ग सोलियू गावाच्या दिशेने जात होता. वाहनांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दिजाँमधल्या स्थानिक गाइडला मी फोन करून वेळ पुढे ढकलून घेतली. खरी चिंता मात्र चालकाच्या तासांची होती. युरोपीय नियमांनुसार साडेचार तास गाडी चालवल्यानंतर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. ती दोन भागांत घेता येते, पण २०२४ पर्यंतच्या नियमाप्रमाणे दुसरा भाग सलग किमान ३० मिनिटांचा असावा लागे. सकाळी आम्ही वीस मिनिटे थांबलो होतो, म्हणजे अर्ध्या तासाचा थांबा बाकी होता. टॅकोग्राफ गाडीची प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवतो आणि रांगेत रखडत चालवलेला वेळही चालवण्यातच मोजतो. चालक सोन नदीकाठच्या मैदानातला, या भागात लहानाचा मोठा झालेला गृहस्थ होता. त्याने हिशेब करून सांगितले की आपण पुयी-आँ-ऑस्वापर्यंत पोहोचू, त्यापुढे नाही.

आव्हालों सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच जमीन बदलली. इतका वेळ दोन्ही बाजूंना गव्हाची मोकळी, मोठी शेते होती. आता कुंपणाच्या झुडपांनी तुकडे पाडलेली कुरणे, त्यांत पांढऱ्या शारोले गायी आणि वर काळपट जंगल दिसू लागले. हा मोर्वां प्रदेश. पॅरिसच्या खोऱ्यातला चुनखडीचा दगड येथे संपतो आणि जुना, कठीण ग्रॅनाइट वर येतो. ग्रॅनाइटवरची माती हलकी, पाणी धरून न ठेवणारी. त्यामुळे धान्यापेक्षा गवत आणि लाकूड हेच येथले उत्पन्न. सर्वांत उंच जागा, ओ-फोलँ, ९०१ मीटरची. सह्याद्रीच्या माणसाला ही उंची नगण्य वाटेल, पण सपाट मैदानाच्या काठावर उभा असल्यामुळे पश्चिमेकडून येणारे ढग हा डोंगर अडवतो आणि भरपूर पाऊस घेतो. त्या दिवशीही बारीक पाऊस लागलेलाच होता.

आदल्या संध्याकाळी गटाने पॅरिसमध्ये सीन नदीवर नौकाविहार केला होता. मी माइक हातात घेऊन सांगितले की काल आपण ज्या पाण्यावर होतो त्यातले बरेचसे या डोंगरातून आलेले आहे. योन नदी मोर्वांमध्ये उगम पावते आणि मोंतरो येथे सीनला मिळते. त्या संगमावर सरासरीने योनचेच पाणी सीनपेक्षा जास्त असते. पॅरिसला पुराचा धोका पोहोचवणारे पाणी अडवण्यासाठी योनवरच पानसिएरचे धरण बांधले गेले आणि १९४९ मध्ये ते पूर्ण झाले. त्याआधीची कित्येक शतके याच नद्यांनी पॅरिसची चूल पेटती ठेवली. मोर्वांच्या जंगलात तोडलेले ओंडके ओढ्यांतून सोडून देत, क्लाम्सीजवळ ते गोळा करून त्यांचे तराफे बांधत, आणि ते तराफे वाहत वाहत राजधानीपर्यंत नेत. दगडी कोळसा आणि रेल्वे आल्यावर तो धंदा आटला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत संपला.

येथे एका काकांनी विचारले की हा मोर्वां कोणत्या जिल्ह्यात येतो. प्रश्न साधा होता, उत्तर मात्र चार नावांचे आहे. १७९० मध्ये क्रांतीनंतरच्या सभेने जुने प्रांत मोडून फ्रान्सची देपार्तमांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या घटकांमध्ये, विभागणी केली, आणि प्रांतांची आठवण पुसली जावी म्हणून बहुतेकांना नद्यांची व डोंगरांची नावे दिली. त्या वाटणीत मोर्वां योन, न्येव्र, कोत-दोर आणि सोन-ए-ल्वार अशा चौघांत विभागला गेला. या चौघांची मुख्यालये, म्हणजे ओसेर, नव्हेर, दिजाँ आणि माकों, सगळी डोंगराबाहेर, नद्यांच्या काठी आहेत. म्हणून मोर्वां हा प्रत्येक देपार्तमांचा दूरचा कोपरा होऊन बसला. १ जानेवारी २०१६ पासून बुर्गोन्य आणि फ्रांश-कोंते हे दोन प्रदेश एकत्र करून दिजाँ ही त्यांची राजधानी झाली, तरी डोंगराची चार भागांतली वाटणी तशीच राहिली. एक भूभाग अनेक मुख्यालयांपासून सारखाच लांब राहिला की त्याचे काय होते, हे समजावून सांगायला मराठी माणसांना फार वेळ लागत नाही.

सोलियूमध्ये बस अगदी सावकाश गेली, कारण सगळा महामार्गच त्या एका रस्त्यावर उतरला होता. हे गाव पॅरिसहून ल्योंला जाणाऱ्या जुन्या राजरस्त्यावरचे. घोडागाड्यांच्या काळात येथे घोडे बदलत, प्रवासी जेवत, मुक्काम करत. पुढे मोटारी आल्या तेव्हाही त्याच रस्त्याने येत आणि येथल्या खानावळींची कीर्ती देशभर होती. ध्रुवीय अस्वलाच्या शुभ्र शिल्पासाठी ओळखले जाणारे शिल्पकार फ्रांस्वा पोंपों यांचा जन्म १८५५ मध्ये याच गावी झाला. पण पॅरिस ते दिजाँ ही मुख्य रेल्वे १८५१ मध्ये झाली ती उत्तरेकडून, मोंबारमार्गे, आणि उंचवटा तिने ब्लेझी येथे चार किलोमीटरहून थोड्या लांब बोगद्यातून पार केला. पॅरिस ते ल्यों महामार्ग १९७० मध्ये सलग झाला तोही सोलियूला बाजूला ठेवून. १९८१ मध्ये टीजीव्ही या अतिवेगवान गाडीची नवी रेल्वे याच परिसरातून गेली, पण पॅरिस सोडल्यावर तिचे पहिले स्थानक ल क्रोझोजवळ. आज सोलियूची वस्ती अडीच हजारांच्या आसपास आहे. त्या दिवशी मात्र ट्रक, मोटारी आणि बसगाड्यांनी गावाचा मुख्य रस्ता भरून गेला होता आणि लोक दारात येऊन उभे राहिले होते. पन्नास वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज अशीच गर्दी असे, असे चालकाने वडिलांकडून ऐकलेले सांगितले.

सोलियूपासून पूर्वेला वळल्यावर ग्रॅनाइट संपला. घरांच्या भिंती करड्यावरून पिवळसर झाल्या, दऱ्या रुंद झाल्या, गवत दाट झाले. हा ऑस्वा प्रदेश, चिकणमातीचा आणि चुनखडीच्या सपाट माथ्यांचा. साडेचार तास पुरे व्हायला थोडीच मिनिटे राहिली असताना आम्ही पुयी-आँ-ऑस्वाच्या कालव्याकाठी थांबलो.

दीड हजार वस्तीच्या या गावाला बंदर आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून ३७८ मीटर उंचीवर! गोल वळणाच्या त्या पाण्यात काही नौका बांधलेल्या होत्या. बुर्गोन्यचा कालवा म्हणजे योन आणि सोन या नद्यांना जोडणारा २४२ किलोमीटरचा जलमार्ग. अठराव्या शतकात त्याचे काम सुरू झाले आणि १८३२ मध्ये तो संपूर्ण खुला झाला. उंचवटा चढायला आणि उतरायला त्यावर १८९ लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून नौका चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे कप्पे, आहेत आणि सर्वांत वरच्या टप्प्यात ३,३३३ मीटरचा बोगदा आहे. वरच्या टप्प्यातून नौका कोणत्याही बाजूला उतरली की प्रत्येक लॉकबरोबर पाणी खाली जाते. म्हणून आसपासच्या टेकड्यांत पाच जलाशय बांधून ते पाणी सतत भरून काढावे लागते. बोगदा अरुंद, काठाने चालायला जागा नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काळात नावाडी भिंतीला लावलेल्या साखळ्या हातांनी ओढत नौका पुढे नेत. पुढे तळाशी टाकलेल्या साखळीवर स्वतःला ओढत जाणारी वाफेची आणि त्यानंतर विजेची जुंपणी-नौका आली. ती विजेची नौका आता बंदराजवळच मांडून ठेवली आहे, आणि तिच्यावरचे कमानीचे छत जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांतून उभे केले आहे. गटातले एक निवृत्त अभियंते त्या छताखालून हलेनात. प्रत्येक सांध्याला त्यांनी हात लावून पाहिला.

वाईच्या एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणत, नकाशा उघडून माझ्याजवळ आल्या. ‘येथले पाणी कोणकोणत्या बाजूला जाते?’ असे त्यांनी विचारले. मी त्यांना बोटाने दाखवले. पुयीच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर, एसे आणि मेयी या गावांच्या परिसरात तीन मोठी खोरी एकमेकांना भिडतात. तेथून निघणारी आर्मांसों योनला मिळते, योन सीनला, आणि ते पाणी इंग्लिश खाडीत जाते. आरू नदी दक्षिणेला ओतँवरून ल्वारला मिळते आणि ते पाणी अटलांटिकमध्ये पोहोचते. ऊश नदी दिजाँवरून सोनला, सोन ल्योंला रोनला, आणि ते पाणी भूमध्य समुद्राला मिळते. बाई बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातला माइक मागून घेतला आणि बसमध्ये परतलेल्या सगळ्यांना सांगितले की महाबळेश्वरला आपले पाणी दोन वाटांनी जाते, सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्रात आणि कृष्णेतून आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. आणि आज आपण ज्या टेकडीपाशी बसलो आहोत ती टेकडी तीन वाटा करते. मुलांना जलविभाजक शिकवताना आपण फळ्यावर रेघ ओढायचो, ती रेघ पायाखाली आली आहे, असे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. सकाळपासून दिजाँचा वेळ वाया जातोय म्हणून कुरकुरणारी मंडळीही मन लावून ऐकत होती, आणि इतक्या वर्षांत बसमध्ये मी दिलेल्या कोणत्याही माहितीला असा प्रतिसाद मिळालेला नव्हता.

चालकाची सक्तीची अर्ध्या तासाची विश्रांती केव्हाच संपली होती, तरी आम्ही तासभर थांबलो. लाडू-चिवड्याचे डबे निघाले, चालकालाही वाटणी मिळाली. त्यानंतर टोल नसलेल्या ए-अडतीस रस्त्याने आम्ही निघालो. हा रस्ता पुढे ऊशच्याच दरीतून उतरतो आणि शेवटी नदी, कालवा, रेल्वे आणि रस्ता असे चारही मार्ग एकाच अरुंद जागेतून दिजाँच्या वेशीवर येतात. दीड लाखापलीकडे वस्ती असलेले हे शहर का वाढले, याचे उत्तर तेथे काचेतून दिसते: उंचवटा ओलांडून पूर्वेला उतरणारे कितीतरी मार्ग येथेच येतात. वेशीवरचा लांबलचक तलाव दिसला तेव्हा, हे ऊशचेच पाणी का, असा प्रश्न मागच्या बाकांवरून आला. होय, १९६४ मध्ये शहराने नदी अडवून तयार केलेला तो कीर तलाव होता. गाइड ड्यूकांच्या राजवाड्यासमोर उभी होती. फेरी थोडी आखडती घ्यावी लागली, मोहरीच्या दुकानाला मात्र वेळ मिळाला.

परत आल्यावर मी कंपनीच्या नियोजन विभागाला लेखी सुचवले की या टप्प्यावरचा दुपारचा थांबा महामार्गावरच्या सेवाकेंद्रातून हलवून पुयीला द्यावा. महामार्गाचा फाटा गावाला लागूनच आहे, बंदरापाशी मोठी गाडी उभी राहते, आणि चालकाची विश्रांतीही त्यातच बसते. स्वच्छतागृहांची सोय आणि वळणाची जागा यांची खात्री करून त्यांनी ते मान्य केले. आता पॅरिसहून निघताना मी सीन, योन आणि आर्मांसोंची नावे बसमध्ये आधीच सांगून ठेवतो, आणि ज्यांना चालणे झेपते त्यांना कालव्याच्या काठाने बोगद्याच्या तोंडापर्यंत घेऊन जातो.