तुम्ही विचारलंत म्हणून: ड्युटी करून किती तास अभ्यास केला?

सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागल्यापासून नर्सिंगच्या पोरींचा मला एकच प्रश्न असतो. "मॅडम, ड्युटी करून रोज किती तास अभ्यास करत होत्या तुम्ही?" नागपूरच्या मेडिकल चौकात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकीनं तर उमरेडच्या बसमध्ये दांड्याला लटकूनच विचारलं. त्यांना सहा-सात तास असं काहीतरी ऐकायचं असतं. माझ्याकडे एका आठवड्याची लेखी नोंद आहे: 11 तास 40 मिनिटं. रोजचे नाहीत, सगळ्या आठवड्याचे. त्यात तीन नाइट होत्या.

तासांच्या आधी एक गोष्ट सांगते, कारण माझं दीड वर्ष तिथेच गेलं. मी जीएनएमवाली, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेसाठी, म्हणजे नॉर्सेटसाठी, डिप्लोमावालीला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. धंतोलीत ज्या दवाखान्यात मी दीड वर्ष राबले तो 30 खाटांचा होता. फॉर्म भरताना कळलं. बीएस्सीवाल्या मैत्रिणीला ही अट नव्हती, ती निवांत फॉर्म भरून मोकळी झाली आणि मी 50 खाटांच्या वरचं रुग्णालय शोधत रामदासपेठेत चपला झिजवत होते. तेव्हा पोरींनो, नोकरी धरताना पगाराबरोबर खाटाही विचारा. फीचंही तसंच. माझा पगार 14 हजार, नॉर्सेटची फी 3000 रुपये, राज्याच्या भरतीची 900. त्यात एका भरतीची परीक्षा तर पेपर फुटल्यामुळे दिल्यावर रद्द झाली. आई म्हणाली, "बाप्पा, किती वर्षं फारम भरून राहिली तू? लग्नबिग्न करशीन का नाही?"

आता अभ्यास. हनुमाननगरात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती, महिन्याला 700 रुपये. मे अखेरच्या कडक उन्हात, नवतपात, कूलरसमोरच्या खुर्चीसाठी पोरं पहाटे पाचला वही ठेवून जायची. नाइट संपली की तर्री पोहे खाऊन मी तिथे जायची आणि बरेचदा वहीवर डोकं ठेवून झोपायची. मला वाटायचं, चार वर्षं आयसीयूत काढली, वाचायला असं काय उरलंय? नुसती उजळणी केली की झालं.

पहिल्या नॉर्सेटच्या पूर्व परीक्षेला 100 प्रश्न होते, 90 मिनिटं. 80 नर्सिंगचे, 20 सामान्य ज्ञान आणि अ‍ॅप्टिट्यूडचे. मी शंभरच्या शंभर सोडवले. 61 बरोबर, 39 चूक. एका चुकीला एक तृतीयांश गुण जातो, म्हणजे 13 गेले, उरले 48. घरी आल्यावर चुकलेले प्रश्न आठवून आठवून लिहून काढले, तेव्हा अंगावर काटा आला. बरेचसे असे होते जे मी वॉर्डात रोज करत होते.

उदाहरण देते. रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजून आली, पाठ दुखायला लागली, तर परिचारिका सर्वप्रथम काय करेल? माझं उत्तर, डॉक्टरांना कळवेल. आमच्याकडे खरंच तसंच चालायचं. सिस्टरनं स्वतःहून काही केलं की बोलणी बसायची. बरोबर उत्तर, रक्त बंद करेल. मग नवीन सेट लावून सलाईननं शीर चालू ठेवेल, मग कळवेल. डॉक्टरांना कळवण्याचा पर्याय अशा प्रश्नांत दर वेळी दबा धरून बसलेला असतो आणि खाजगीत काम केलेल्या पोरी दर वेळी त्याच्या तोंडी जातात. दुसरं, मोठ्या माणसाला स्नायूत इंजेक्शन देण्याची सर्वांत सुरक्षित जागा. आम्ही जन्मभर ढुंगणाच्या वरच्या-बाहेरच्या चौकोनात देत आलो. पुस्तक म्हणतं व्हेंट्रोग्लुटियल, म्हणजे कमरेखाली बाजूला, कारण तिथे सायटिक नर्व्हही नाही आणि मोठी रक्तवाहिनीही नाही. तिसरं, 1000 मिली सलाईन 8 तासांत, ड्रॉप फॅक्टर, म्हणजे एका मिलीचे थेंब, 15, तर मिनिटाला थेंब किती? 1000 गुणिले 15, भागिले 480, म्हणजे 31. हे मला जीएनएमच्या पहिल्या वर्षी तोंडपाठ होतं. आयसीयूत पंप आला, मिलीचा आकडा टाकला की झालं, आणि गणित डोक्यातून निघून गेलं.

वॉर्डात आपण जे करतो ते परीक्षेचं उत्तर नसतं, जे करायला हवं ते असतं. एवढं कळायला मला 3000 रुपये लागले. मग मी अभ्यासाची पद्धतच उलटी केली. ड्युटीवर खिशात एक छोटी वही. जे काम पुस्तकापेक्षा वेगळं झालं ते त्यात एका ओळीत लिहायचं आणि सकाळी अभ्यासिकेत तेवढंच पान काढून वाचायचं. हात किती वेळ चोळले? पुस्तकात हँड रबला 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याला 40 ते 60. आम्ही पाच. वापरलेला आयव्ही सेट कुठल्या डब्यात गेला? जो जवळ होता त्यात. जायला हवा लाल. एका नाइटला सतरा ओळी निघाल्या होत्या. इन्चार्ज सिस्टरच्या हाती ती वही लागली असती तर नोकरीच गेली असती.

वॉर्ड नेहमीच फसवतो असंही नाही. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी शिरांत अडकून दुखणं उसळतं, त्या क्रायसिसमध्ये दुखऱ्या सांध्यावर बर्फ ठेवायचा का, या प्रश्नावर पुस्तकी पोरी अडखळल्या. विदर्भातल्या नर्सला हे विचारायलाच नको. बर्फानं शिरा आवळतात, रक्त आणखी अडकतं. पाणी द्या, ऊब द्या, दुखणं कमी करा.

आणखी एक गोष्ट मात्र माझी मला उमगली नाही, तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं शिकवली. पहिल्या वेळचा मार बसल्यावर दुसऱ्या नॉर्सेटला मी ठरवलं होतं, पूर्ण खात्री नसेल तर प्रश्न सोडायचा. वॉर्डाचा नियमच तसा आहे, औषधाची खात्री नसेल तर सिरिंज भरायची नाही. तेव्हा 40 प्रश्न कोरे ठेवले आणि पुन्हा बाहेर. तो म्हणाला, "ताई, तुमचं गणित चुकून राहिलं." माझ्याच सराव पेपरच्या मागे त्यानं मांडून दाखवलं. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर सरासरीनं कमाईही नाही, तोटाही नाही: चारातून एकदा एक गुण मिळतो, तीनदा तिसरा हिस्सा जातो, हिशेब शून्य. पण एक पर्याय नक्की चूक म्हणून खोडता आला की पुढचा अंदाज फायद्याचा. दोन खोडले तर आणखीच. वॉर्डात असं करणारीला मी उभी राहू देणार नाही, पण पेपरात हेच शहाणपण. तिसऱ्या वेळी पूर्व परीक्षा निघाली. मुख्य परीक्षेत रँक मागे पडली, एम्स काही मिळालं नाही. नागपूरचं एम्स आहे त्या मिहानकडे जाणारी मेट्रो दिसली की अजूनही थोडं दुखतं.

राज्याच्या भरतीत चुकीला गुण कापत नव्हते, म्हणून तिथे कोरा प्रश्न ठेवणं हा निव्वळ वेडेपणा. 100 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, आणि नर्सिंगबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन. आपल्या पोरी मराठीकडे ढुंकून बघत नाहीत. "मातृभाषाच तर आहे" म्हणे. "मी अभ्यास करून राहिली" म्हणत वाढलेल्या आपल्याला प्रयोग ओळखायला सांगतात तेव्हा समजतं. समास, प्रयोग आणि शुद्धलेखनाला मी दोन महिने दिले. त्या गुणांनीच मला आत घेतलं असं मी आजही मानते. अनेक शिफ्टमध्ये परीक्षा झाली की गुणांचं सामान्यीकरण होतं, म्हणजे पेपर सोपा होता की कठीण ते बघून गुण कमीजास्त करतात, मग आपण मोजलेला आकडा आणि लागलेला आकडा जुळत नाही. त्यावर रात्री जाळू नका. मी दोन जाळल्या.

मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डात पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी इंजेक्शन द्यायला उभी होती. तिला जागा दाखवली. तळहाताची टाच मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक बोट पुढच्या टोकदार हाडाकडे, दुसरं कमरेच्या कडेला, आणि मधल्या बेचक्यात सुई. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, हे पेपरला येतं का?"

"येतं," म्हटलं. "आता दुसऱ्या बाजूला तू शोधून दाखव."