विचारून काढता की न विचारता?

"तुम्ही लोकांना विचारून फोटो काढता का?" लग्नात, प्रदर्शनात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून, कुठेही गेलो तरी हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ आवाज जरा खाली आणून दुसरा येतो, "कोणी मारायला नाही धावत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो. आधी विचारत नाही. नंतर पळूनही जात नाही.

न पळण्याचं श्रेय माझं नाही, खान्देशाचं आहे. रस्त्यावरच्या फोटोग्राफीचे जे धडे आपण वाचतो, ते पॅरिस-न्यूयॉर्कच्या अनोळखी गर्दीत तयार झाले. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी टेप चिकटवायचा, कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. १९४७-४८ साली तो भारतातही फिरला. इथल्या गर्दीत कॅमेरा घेतलेल्या गोऱ्या माणसाला त्या टेपचा कितपत उपयोग झाला असेल, कोण जाणे. मी तर इथलाच. अमळनेरच्या बाजारात कॅमेराच काय, स्वतःला काळी टेप गुंडाळून घेतली तरी कोणीतरी ओळखणारच. कांदेवाला आधी कॅमेऱ्याकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. "कोना पोऱ्या शे रे तू?" वडिलांचं नाव सांगितलं की तो आजोबांपर्यंत पोचतो, तिथून मामाच्या गावाला. त्यात बराच वेळ जातो, पण फुकट जात नाही. सोयरीक लागली की त्याचा माझ्यातला रस संपतो, तो पुन्हा तराजूकडे वळतो, आणि मला हवा असलेला फोटो तेव्हाच मिळतो.

चिडणारे फार थोडे. आमच्याकडची अडचण वेगळीच आहे. कॅमेरा दिसला की माणूस टोपी सारखी करतो, हात मांड्यांना चिकटवून ताठ होतो आणि घरातल्या नातवाला हाक मारतो. "मना फोटू पेपरम्हा येई का?" तो ताठ फोटो मी काढतोच. नाही काढला तर अपमान होतो, आणि काढल्याशिवाय सुटकाही नसते. काढून झाला की कॅमेरा छातीशी तसाच राहू द्यायचा. फोटो झाला असं समजून माणूस श्वास सोडतो, टोपी मागे सारतो, नातवाला टपली मारतो. आता.

त्या क्षणी डोळा लावून फोकस करत बसलं तर गेलं. म्हणून माझ्याकडे २८ मिलिमीटरची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) बारीक करून एफ ८ ला आणि फोकस आधीच अडीच मीटरवर नेऊन ठेवलेला असतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एवढ्यात साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. मोबाइलवाल्यांना हाही उपद्व्याप नाही, सेन्सर लहान असल्याने बहुतेक सगळं फोकसमध्येच असतं. अंतर मात्र पायांनीच कापायचं. रस्त्यापलीकडून लांब लेन्सने माणूस टिपणं मला पटत नाही. जवळ उभा असलेला फोटोग्राफर निदान शिवी खाण्याच्या अंतरावर तरी असतो.

याबाबतीत मी सर्वात जास्त चिडतो ते भोंगऱ्याच्या दिवसांत. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या आठवडे बाजारांना पावरा, बारेला लोक ढोल-बासऱ्या घेऊन येतात, होळीची खरेदी करतात, नाचतात. शहरांतून भल्या मोठ्या लेन्सवाले येतात आणि चांदीचे दागिने घातलेल्या पोरींच्या मागे लागतात. मग फोटोखाली ओळ पडते की इथे म्हणे मुलं-मुली जोडीदार निवडून पळून जातात. हा आमचा होळीचा बाजार आहे, पळून जाण्याचा मेळा नाही, असं त्या समाजातले लोक सांगून थकले. तिथे मी विचारल्याशिवाय एकाही मुलीवर कॅमेरा रोखत नाही. नियम मोडतो म्हणा हवं तर.

कायद्याचंही विचारतात. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला प्रत्येकाची परवानगी घ्या, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलंय, तेही ध्यानात ठेवायचं. पण बाजारात कोर्ट कोणी काढत नाही. कोणी हात आडवा केला की मी कॅमेरा खाली घेतो. "पुसून टाक" म्हटलं तर समोरच पुसतो, फोटो कितीही चांगला असो.

काही ठिकाणी तर परवानगीचा विषयच निघत नाही, कारण समोरच्याला तुमच्याकडे बघायला फुरसत नसते. मांडे करणारी बाई बघा. चुलीवर खापर पालथं घातलेलं, धूर डोळ्यांत जातोय, आणि पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर झुलवत मोठा मोठा करत नेते. मांडा मनगटावरून कोपराकडे सरकतो. सकाळचं ऊन मागून येत असेल तर त्यातून बोटं दिसतात, पुरण कुठे दाट आणि कुठे विरळ तेही दिसतं. शटर सेकंदाच्या १/१००० इतकाच वेळ उघडं ठेवलं तर मांडा हवेत थिजतो आणि सगळी मजा जाते. १/६० ला नुसता फराटा. मी १/२५० ठेवतो, कडा जराशा हलतात, बोटं ठाम राहतात. पुढच्या क्षणी तो खापरावर पडलेला असतो. या सगळ्यात मावशी माझ्याशी एकच वाक्य बोलतात, "सरक बाजूला, उजेड अडतोय." त्यांचं बरोबर असतं, आणि सरकल्यावर बहुतेक वेळा फ्रेमही सुधारते.

उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार मी कॅमेरा काढत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, रस्त्यावर कुत्रंही नसतं.

फोटोच्या प्रिंट मात्र देतो. बाजारातल्याच स्टुडिओतून चार बाय सहाच्या काढून घेतो आणि पुढच्या बाजाराला वाटतो. कौतुकाची अपेक्षा ठेवू नये. "मी एवढी काळी नाही." "मागची गटार कशाला घेतली?" लसूण विकणाऱ्या एका आप्पांचा फोटो माझा फार लाडका आहे. मान वळवून ते कोणाशी तरी हुज्जत घालताहेत आणि लसणाची सालं उन्हात उडताहेत. त्यांनी प्रिंट हातभर लांब धरून पाहिली आणि विचारलं, "यामाईन पासपोर्ट साइज फोटो निंघी का? बँकमा देना शे." चेहरा बाजूला वळलेला, कसा निघणार? मग आप्पांना शेजारच्या दुकानाच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं, टोपी काढायला लावली, आणि विचारून, सांगून, अगदी ताठ उभा करून फोटो काढला. तो त्यांना आवडला.