बोललो तर पुढं काय?

2024 सालच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा विषय होता कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य. त्या 10 ऑक्टोबरला आमच्या कारखान्यातही व्याख्यान झालं. वक्ते तळमळीनं बोलले: मनात साठवू नका, कुणाशी तरी बोला. कॅन्टीनमधून बाहेर पडताना प्रेस शॉपचे, म्हणजे धातू दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागाचे, एक ज्येष्ठ कामगार मला म्हणाले, "मॅडम, बोलायला हरकत नाही. पण बोललो तर पुढं काय?"

मी पुण्याजवळच्या भोसरी-चाकण या औद्योगिक पट्ट्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून काम करते. 500 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे असा अधिकारी नेमण्याचं बंधन 1948 च्या कारखाने कायद्यानं घातलं, त्यातून हे पद आलं. पाळणाघर, कॅन्टीन, विश्रांतीची खोली हे सगळं बघताना वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसत आली आहे. माणूस बोलतो की नाही हे त्याच्या स्वभावावर कमी आणि त्याच्याआधी जो बोलला त्याचं काय झालं यावर जास्त ठरतं. चहाच्या सुट्टीत ती बातमी सगळ्या लाइनवर पोचलेली असते. मेमो मिळाला का? पगार कापला का? मागे काय नाव पडलं?

एका ऑपरेटरबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हा माणूस प्रथमोपचार कक्षात सारखा पित्ताची गोळी मागायला यायचा. तिथल्या नर्सच्या लक्षात आलं की तो रात्रपाळीच्या आठवड्यातच येतो, म्हणून तिनं मला सांगितलं. आमच्याकडे "मला उदास वाटतं" असं म्हणत कुणी येत नाही. डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, अंगात कणकण आहे, अशीच सुरुवात होते. ती ऐकून गोळी देऊन पाठवायचं की अजून दोन प्रश्न विचारायचे, इथेच पुष्कळ काही ठरून जातं.

माझी केबिन टाइम ऑफिसला लागून आहे. तिथे कोण आलं, किती वेळ बसलं, हे सगळ्यांना दिसतं. त्यामुळे मी असं बोलणं कामगारांच्या पतपेढीच्या खोलीत करते. तिथे उचल मागायला प्रत्येक जण कधी ना कधी येतोच, आणि का आलास असं कुणी विचारत नाही. तो तिथे बसला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "मॅडम, प्रेसवर हात नेला की वाटतं, आता हा आतच राहणार." झोप लागत नव्हती, त्यात घराचा हप्ता. सुपरवायझरला त्यानं एकदा सांगून पाहिलं होतं. "नाटकं नकोत, टार्गेट बघ," एवढंच उत्तर मिळालं. त्या सुपरवायझरच्या डोक्यावरही तासागणिक उत्पादनाचा फळा टांगलेला असतो. पण असं एक वाक्य माणसाला पुढे कित्येक महिने गप्प करतं, हे त्यांना समजावून सांगणं मी माझ्या कामाचा मोठा भाग मानते.

मी डॉक्टरांचं नाव काढल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "येरवड्याला नका पाठवू." तिथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे पुण्यात मनाच्या आजाराला हे एकच गाव चिकटलंय. त्याला सांगितलं की औंधच्या जिल्हा रुग्णालयात या आजारांची साधी ओपीडी असते. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, औषध घेऊन घरी यायचं. बायकोला बरोबर न्या, म्हटलं. दोघं गेले.

मग रजेतल्या पगाराचा प्रश्न आला. खरं तर सगळ्यात आधी बोलायला हवं ते यावरच. त्याचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, 21,000 रुपयांच्या मर्यादेत होता. आजारपणाच्या रजेत ईएसआयकडून वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, आणि डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं तर मनाच्या आजारालाही ती मिळते. स्किझोफ्रेनियासारखे काही गंभीर आजार तर दीर्घ आजारांच्या यादीतच आहेत. नोकरीच्या आणि ईएसआयच्या वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील तर त्यांना 80 टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. किती कामगारांना हे माहीत असतं? ज्यांचा पगार मर्यादेच्या वर आहे त्यांच्यासाठी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात विमा कंपन्यांवर बंधन आहे: शरीराच्या आजाराला जसं संरक्षण, तसंच मनाच्या आजाराला. कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी नव्यानं घेताना हे कलम शोधून वाचावं, अशी माझी एचआरवाल्यांना कळकळीची विनंती आहे.

70 टक्क्यांत घराचा हप्ता भागत नव्हता. पतपेढीच्या कमिटीनं त्याच्या कर्जाची वसुली पुढे ढकलली. कारण विचारलं नाही. आजारपण एवढा शब्द त्यांना पुरला, आणि याबद्दल मला त्या मंडळींचा फार आदर वाटतो.

तो परत आला तेव्हा औषधानं सकाळी ग्लानी असायची. म्हणून काही काळ प्रेस नाही, रात्रपाळी नाही. तपासणीच्या टेबलावर काम, ग्रेड तीच, पगार तोच. सुपरवायझरला फक्त एवढंच कळवलं. आजाराचं नाव कळवलं नाही, फाइलमध्येही लिहिलं नाही. आपल्या आजाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क त्याच 2017 च्या कायद्यानं मान्य केला आहे, आणि कारखान्यात तो जपायचा तर कागद कमी हातांतून फिरला पाहिजे.

याच वेळी मी व्यवस्थापनाकडे एक गोष्ट लावून धरली. कामगाराचं ऐकून घेणाऱ्या माणसाच्या सहीनं मेमो निघता कामा नये. साहेबांना शिस्तीची काळजी होती आणि ती रास्तच होती. शिस्त एचआरनं सांभाळावी, चौकशी करावी. पण सोमवारी ज्याच्यासमोर रडलो त्याचीच सही बुधवारी गैरहजेरीच्या पत्रावर दिसली, तर त्या खोलीत पुन्हा कुणी पाऊल ठेवणार नाही. हे मान्य झालं. पाळ्यांचा क्रमही बदलला. आता पहिलीनंतर दुसरी, मग तिसरी. उलट्या क्रमापेक्षा शरीराला हे झेपतं. त्यानंतर पतपेढीच्या खोलीत लोक जरा जास्त वेळ रेंगाळायला लागले.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही आम्ही लावलाय. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आधी तो नोटीस बोर्डवर होता. तिथे चारचौघांत उभं राहून कोण उतरवून घेणार? आता तो स्वच्छतागृहाच्या दारांवर आतून लावलाय आणि पगारपत्रकाच्या मागे छापतो.

हे सगळं कायम कामगारांचं झालं. कंत्राटी पोरांचं दुखणं मला सतत टोचतं. लातूर, बीड, बिहारकडून आलेली, एका खोलीत सहा-सात जण राहणारी ही मुलं. बोललो तर पुढं काय, याचं त्यांना मिळणारं उत्तर फार छोटं असतं: उद्यापासून येऊ नको. गेटपास बंद झाला की खोलीही जाते. ईएसआय त्यांनाही लागू आहे, आणि कंत्राटदारानं हप्ता भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते. आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, ही तरतूद 1948 च्या ईएसआय कायद्यापासूनची आहे. पण कंत्राटदार काढून टाकल्याचं पत्रच देत नाही, नुसतं बोलवणं थांबवतो.

म्हणून नव्या कंत्राटाच्या मसुद्यात मी एक कलम सुचवलंय: आजारपणाच्या रजेवरच्या कामगाराचा गेटपास रजा संपेपर्यंत चालू राहील, आणि तो रद्द करायचा असेल तर कंत्राटदारानं आधी कल्याण अधिकाऱ्याकडे लेखी कारण द्यावं. खरेदी विभागाला वाटतं, यानं दर वाढतील. पुढच्या आठवड्यात त्यावर बैठक आहे. तुमच्या कारखान्यात असं कलम आधीच असेल तर त्याचे शब्द मला पाठवा, मी ते बैठकीत ठेवीन.