नेक्स्ट, नेक्स्ट, ॲक्सेप्ट

नावं झाकून घेतलेल्या चाचणीत आमचं सर्च इंजिन गुगलपुढे चक्क टिकलं होतं. पुण्यात बाणेरच्या ऑफिसात आम्ही लोकांना बोलावलं आणि मराठीतले रोजचे प्रश्न दिले: सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करायची, पीएमपी बसच्या ज्येष्ठ नागरिक पासाला काय कागदपत्रं लागतात, असले. दोन इंजिनांची उत्तरं दोन कागदांवर छापून समोर ठेवली. कुठला कागद कोणाचा, ते सांगितलं नाही. लोकांनी बऱ्याचदा आमचा कागद उचलला. मग त्याच लोकांनी आमचं ॲप फोनवर घेतलं, कौतुक केलं, चहा घेऊन घरी गेले आणि पुन्हा म्हणून ते ॲप उघडलं नाही.

आमच्या तांत्रिक बाजूच्या सहकाऱ्याचं म्हणणं, निकाल अजून सुधारले पाहिजेत. तो त्या कामात मुरलेला आहे. 'ॲप'मधला 'ॲ' हा एकच सबंध वर्ण म्हणून टाइप होतो, नाहीतर 'अ'वर चंद्र चढवून. दिसायला काडीचा फरक नाही, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. 'दुसऱ्या'मधल्या अर्ध्या 'र'चीही तीच रड. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संगणकी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत चढवलेली जुनी पानं तर विचारूच नका. पडद्यावर मराठी दिसतं आणि आत रोमन अक्षरांची खिचडी असते. हे सगळं त्याने एकेक करून निस्तरलं होतं. माणसं वस्तू वापरतात कशी, हे बघणं माझं काम. म्हटलं, निकाल राहू देत, फोन जिथे पहिल्यांदा सुरू होतो तिथे जाऊन बसते.

अशी मी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तापकीर गल्लीत एका मोबाइलच्या दुकानात जाऊन बसले. दिवाळी उलटून गेली होती, तरी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेठनी काउंटरच्या आतल्या बाजूला स्टूल दिलं आणि अट घातली, गिऱ्हाइकांना प्रश्न विचारून वेळ खायचा नाही.

विकलेला फोन 'चालू करून देणं' हे कामावरच्या पोराचं खातं. त्याचे हात बघत राहावेत असे. खोक्यावरचं प्लास्टिक नखाने फाडायचा, पिन टोचून सिमचा ट्रे काढायचा, सिम बसवायचा आणि फोन सुरू होईस्तोवर पुढच्या गिऱ्हाइकाला कव्हरं दाखवायचा. मग पडद्यामागून पडदे: भाषा, वायफाय, जुन्या फोनमधला डेटा, खातं, अटी. तोंडाने पुटपुटत असायचा, "नेक्स्ट, नेक्स्ट, ॲक्सेप्ट, नेक्स्ट." मधेच एक पडदा आला. सर्च इंजिनांची यादी होती, त्यातलं एक निवडा म्हणून. मी यादी वाचून संपवायच्या आत अंगठा गुगलवर टेकून पुढे गेलेला होता. फोनचे मालक तेव्हा पाठमोरे उभे राहून टेम्पर्ड ग्लासचा भाव करत होते.

तो पडदा तिथे यायला केवढा खटाटोप झालाय! अँड्रॉइडवरच्या वर्चस्वाचा गैरवापर केला म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती द्यायला नकार दिला आणि त्यानंतर गुगलने जाहीर केलं की भारतात नवीन फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायची सोय देऊ. आमच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे वाटले होते.

"हे विचारत का नाहीस रे त्यांना?" मी पोराला म्हटलं.

"काय विचारू ताई? सर्च इंजिन कुठलं पाहिजे? म्हणतील, तू फोन दे की लवकर."

शेठ नोटा मोजत होते, तिथूनच बोलले. "समजा, लावून दिलं दुसरं. संध्याकाळी माणूस परत येणार, फोनमधलं गुगल गेलं म्हणून. त्याचा अर्धा तास, माझा अर्धा तास. आणि ह्याचे पैसे कोण देतं?"

आमच्या आराखड्यांमध्ये 'वापरकर्ता तुलना करून निवड करतो' असा एक चौकोन होता. तापकीर गल्लीत त्या चौकोनात शेठ बसले होते आणि त्यांचा निकष एकच: गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येता कामा नये.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा एक काकू आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, चार्जरची पिन सैल झाली होती. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. हल्ली तो घरबसल्या फोनला चेहरा दाखवून देता येतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. पोरगा चार्जर शोधेपर्यंत त्या फोनवर तेच बघत होत्या. भाच्याने फोनमध्ये दुसरा कुठला तरी ब्राउझर घालून दिलेला आणि त्यात सर्चही दुसऱ्याचं. काकूंनी माइकचं चित्र दाबलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "गुगल." निकाल आले. पहिल्या दुव्यावर बोट ठेवलं, गुगल उघडलं, परत माइक दाबला आणि आता खरा प्रश्न विचारला.

युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात २०२१ मध्ये गुगलच्या वकिलाने सांगितलं होतं की मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द 'गुगल' आहे. लोक आम्हाला आपण होऊन निवडतात, कोणी बळजबरी करत नाही, हा त्यांचा मुद्दा. आम्ही तो किस्सा हसण्यावारी न्यायचो. इथे तो माझ्यापासून हातभर अंतरावर घडत होता आणि काकूंना त्यात वावगं असं काही वाटत नव्हतं.

शेठची अट मोडून मी आमचं ॲप उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "काकू, ह्यात विचारून बघता?"

त्यांनी विचारलं. उत्तर नीट आलं, मराठीतून आलं, काय काय हाताशी लागेल ते वरच दिसत होतं. काकूंनी चष्मा सरसा करून शेवटपर्यंत वाचलं.

"छान आहे की! तुम्ही केलंत?"

"आमच्या कंपनीने."

"वा. थांबा हं, गुगलवर एकदा खात्री करून घेते." केली. "बरोबर आहे हो तुमचं, अगदी तेच आहे." आणि माझा फोन परत दिला.

त्या चार्जर घेऊन गेल्यावर मी वहीत लिहिलं: गुगलसारखंच उत्तर आलं तर आपली गरज नाही, वेगळं आलं तर आपलं चुकलं. नावं झाकलेल्या कागदांवर हे दिसणं शक्यच नव्हतं. फोनवर नाव झाकलेलं नसतं.

घरी येताना मेट्रोत बसल्या बसल्या बुडालेल्या सर्च इंजिनांची उजळणी झाली. गुगल सोडून आलेल्या मंडळींनी २००८ मध्ये 'कूल' (Cuil) काढलं. १२० अब्ज पानं सूचीत असल्याचा दावा होता. पहिल्याच दिवशी यंत्रणेने मान टाकली, निकालांशेजारी भलतेच फोटो दिसले, आणि २०१० मध्ये गाशा गुंडाळला. ते निदान स्वतःच्या करणीने गेलं. 'नीव्हा'चं तसं नाही. श्रीधर रामस्वामी, म्हणजे एके काळचे गुगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख, त्यांनी जाहिराती नसलेलं, वर्गणीवर चालणारं सर्च काढलं. मे २०२३ मध्ये ते बंद करत असल्याचं सांगताना त्यांनी मान्य केलं की सर्च इंजिन बांधणं एक आणि सामान्य माणसाला त्याच्याकडे वळवणं अगदीच वेगळं. पैसा, माणसं, अनुभव, काही म्हणता काही कमी नव्हतं.

आमचा सहकारी इथे फायरफॉक्स या ब्राउझरचं उदाहरण काढतो आणि ते बिनतोड आहे. २०१४ मध्ये फायरफॉक्सने अमेरिकेत गुगल काढून याहू आयतं बसवून दिलं. बऱ्याच लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन गुगल परत लावलं आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सही गुगलकडे परतलं. तेव्हा नुसती जागा मिळून भागत नाही, हे त्याचं खरं. पण जागाच नसली तर सुधारणार तरी कशाच्या जोरावर? कोणत्या प्रश्नाला लोकांनी कुठला निकाल उघडला आणि कुठून तोंड वाकडं करून मागे आले, यावरच सर्च इंजिन शिकतं. अमेरिकेत गुगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ च्या निकालात नोंदवलंय की रोज गुगलकडे बाकी सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या एकत्रित संख्येच्या नऊ पट प्रश्न येतात, आणि मोबाइलवर एकोणीस पट. मराठीतले आडवाटेचे प्रश्न, खोडव्याच्या खताचे, कुळकायद्याचे, आमच्याकडे इतके तुरळक यायचे की त्यातून काही शिकायची सोयच नव्हती.

दुकान बंद करायच्या वेळचा संवाद सांगायचा राहिला. मी निरोप घेतला तेव्हा शेठनी शटर अर्ध्यावर धरलं आणि विचारलं, "तुमचं ॲप आम्ही प्रत्येक फोनमध्ये घालून देऊ. गिऱ्हाइकाला समजावूनही सांगू. फोनमागे काय सुटेल?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

"विचारा. आणि तक्रार आली तर नंबर तुमचा द्यायचा, आमचा नाही."

मागणी रास्तच होती. गुगलने २०२१ मध्ये ब्राउझर आणि फोनवाल्यांना वगैरे ह्याच कामाचे २६.३ अब्ज डॉलर दिले, हे त्याच खटल्यात बाहेर आलं. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये २० अब्ज. शेठनी एवढं न वाचताच बाजारभाव ओळखला होता.

सोमवारी मी सगळं मांडलं. सहकाऱ्याने काकूंचा प्रसंग दोनदा ऐकला आणि विचारलं, "उत्तर कितव्या क्रमांकाला आलं?" पहिल्या, म्हटलं. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. साहेबांनी शेठचा फोनमागचा दर पुण्यातल्या सगळ्या दुकानांना लावून बघितला आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

पुढे सर्वांसाठीचं ते ॲप आम्ही बंद केलं. आता तेच इंजिन एका प्रकाशन संस्थेच्या जुन्या अंकांवर चालतं. ते अंक बाहेर कुठे सापडत नाहीत, म्हणून लोक आमच्याच चौकटीत शोधतात आणि वारंवार परत येतात. परवा सहकारी नोंदी चाळत होता. कोणीतरी त्या चौकटीतही 'गुगल' टाइप केलं होतं. निकाल म्हणून २००४ च्या दिवाळी अंकातला एक लेख आला, आणि त्या माणसाने तो उघडून वाचला.