काकांची वही

"यातले दुकानात किती आले गं?" काकांनी एवढंच विचारलं.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या मसाल्याच्या दुकानात मी लॅपटॉप उघडून त्यांच्या ऑनलाइन जाहिरातीचा महिन्याचा रिपोर्ट दाखवत होते. रीच ४१ हजार. आमच्या एजन्सीत अशा आकड्याला टाळ्या पडतात.

काकांनी गल्ल्याखालून वही काढली. लाल पुठ्ठ्याची, कडेला हळदीचे डाग. विक्रीच्या नोंदीपुढे कुठे कुठे पेन्सिलीनं 'नवीन' लिहिलेलं. महिन्यात ६ वेळा. त्यातले दोघं तर शेजारच्याच वाड्यात नव्यानं राहायला आलेले.

मग मी खरं ते सांगितलं. रीच म्हणजे जाहिरात किती जणांच्या स्क्रीनवर आली, एवढंच. थांबून पाहिली का, ते त्यात कळत नाही. व्हिडिओ क्षणभर चालला तरी मोजला जातो. शिवाय आम्ही जाहिरात अख्ख्या वडोदऱ्यावर लावली होती. मकरपुऱ्याहून कोण गोडा मसाल्यासाठी इथवर येणार?

काका रागावले नाहीत. "पुढच्या वेळी ही वहीपण बघत जा," म्हणाले. तेच मनाला लागून राहिलंय.

संध्याकाळी जाहिरातीच्या नकाशात दुकानावर पिन ठेवून घेरा ३ किलोमीटरचा केला. रिपोर्टात पहिला रकाना आता 'नवीन गिऱ्हाईक'. आकडा लहान दिसेल. उद्या सरांना दाखवणार आहे.

तुम्ही क्लायंटला आधी कोणता आकडा दाखवता?