महाशिवरात्रीचं जागरण, गोठलेल्या तळ्यावर

रेशनच्या मशीनवर माझ्या बायकोचा अंगठा येत नाही. तीस वर्षं धानाची रोवणी केलेली बोटं, रेषा झिजून गेल्या. दुकानदार ओल्या फडक्यानं पुसायला लावतो, मग दुसरं बोट, मग तिसरं, आणि शेवटी म्हणतो, "वहिनी, भाऊजीलेच पाठवत जा." त्यामुळे मुंबईच्या व्हिसा केंद्रात काचेपलीकडच्या मुलीनं दहाही बोटांचे ठसे द्यायला सांगितले तेव्हा हिचा चेहरा पडला. आम्हाला नॉर्वेला जायचं होतं, ऑरोरा पाहायला, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा उजेड. कागदांची फाईल मी चार महिने घासूनपुसून तयार केली होती. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ग्रॅच्युइटीची एफडी, सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर, ३०,००० युरोंचा प्रवास विमा. सगळं होतं. बोटांचा विचारच केला नव्हता.

तीनदा लाल आलं. मुलगी शहाणी होती. तिनं हिला हात चोळून गरम करायला लावले, थोडं क्रीम दिलं, पुसायला लावलं आणि म्हणाली, "आजी, दाबू नका, नुसतं टेकवा." चौथ्यांदा हिरवं आलं. या सगळ्या खटाटोपात आम्हाला दिसलेला पहिला हिरवा उजेड तो.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातले, अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. मी ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक होतो. १९८९ साली लागलो. त्याच वर्षी १३ मार्चला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सूर्यावरच्या वादळामुळे गेली होती. दीड मिनिटात अख्खी ग्रीड बसली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात. हे मला पुढे एका प्रशिक्षणात कळलं. शिकवणाऱ्या साहेबांनी फळ्यावर ट्रान्सफॉर्मर काढून दाखवलं होतं की, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं की जमिनीतून प्रवाह वाहू लागतात आणि ते ट्रान्सफॉर्मरला जमिनीशी जोडणाऱ्या न्यूट्रलच्या अर्थिंगमधून वर चढतात. ज्या अर्थिंगच्या खड्ड्यात आम्ही उन्हाळाभर बादलीनं पाणी ओतायचो, त्यातून सूर्य आत येऊ शकतो, हे ऐकून मी त्या रात्री ड्युटीवर उगाच दोनदा यार्डात चक्कर मारून आलो होतो. आपल्याकडे तसं होत नाही, आपण विषुववृत्ताच्या फार जवळ. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मग मे २०२४ मध्ये पेपरात लडाखच्या हानले इथला फोटो आला. मोठं सौर वादळ झालं होतं, त्यामुळे पडलेल्या ऑरोरानं वेधशाळेच्या कॅमेऱ्यात आकाश लाल दिसत होतं. माझ्या निवृत्तीला वीस दिवस होते. पुण्याच्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, हानलेला पुन्हा कधी दिसेल ते कोणी सांगू शकत नाही. बघायचंच तर नॉर्वेत जा." तिला वाटलं मी हसून सोडून देईन.

गावात खरं सांगितलं नाही. "लेकीकडं चाललो" एवढंच. तीन एकरवाला माणूस नुसता उजेड पाहायला एवढा खर्च करतो म्हटलं असतं, तर पानठेल्यावर आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता. एकट्या व्हिसाची फी माणशी ९० युरो, केंद्राचे पैसे निराळे.

एका माणसाला मात्र खरं सांगावं लागलं. आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडजवळ तिबेटी वसाहत आहे, तिथला एक म्हातारा दर हिवाळ्यात स्वेटर विकायला बसतो, आमची जुनी ओळख. जाड कोट मागितला तर त्यानं विचारलं, कुठं? मी सांगितलं. त्यानं कोट परत आत ठेवला. म्हणाला, एक जाड नको, तीन पातळ घ्या. अंगाला लागून सुती बनियन अजिबात नको, घाम धरून ठेवते आणि मग तीच थंडी देते. बूट एक नंबर मोठा, बोटं आत हलली पाहिजेत. पुढे तिकडच्या टूरवाल्यांच्या सूचना आल्या, त्यात अक्षर अन् अक्षर हेच होतं.

आता टूरबद्दल, कारण विचारणारे नेमकं हेच विचारतात. आम्ही त्रोम्सोला गेलो. नागपूर, दिल्ली, दोहा, ओस्लो आणि तिथून उत्तरेला आणखी दोन तास. गाव ६९ अंशांच्याही वर आहे, आर्क्टिक वृत्ताच्या बरंच आत. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती हा उजेड कड्यासारखा पडतो आणि हे गाव बरोबर त्या कड्याखाली येतं. त्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललं ते सांगणारा केपी नावाचा जो ० ते ९ चा आकडा लोक मोबाईलमध्ये बघत बसतात, तो तिथे १-२ असला तरी पुरतो. अडतं ते ढगांवर. समुद्रकाठचं गाव, कोमट सागरी प्रवाहामुळे थंडी बेताची, पण आभाळ सारखं भरलेलं. वर उजेड नाचत असेल आणि खाली तुम्हाला राखाडी गोधडी. म्हणून छोट्या गटाच्या टूरला जे जास्तीचे पैसे मोजता ते उजेडाचे नसतात, ढगांतून पळ काढण्याचे असतात. हे मला पहिल्या रात्रीचे पैसे बुडवून कळलं.

पहिल्या रात्री लेकीनं स्वस्तातली मोठी बस घेऊन दिली होती. पन्नास माणसं. बस एका ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिली, बर्फ भुरभुरत होता, गाईड माईकवरून विनोद सांगत होता. साडेअकराला परत. पैसे परत मिळत नाहीत, तशी अट बारीक अक्षरात होतीच. दुसऱ्या रात्री आम्ही कुठे गेलोच नाही, खोलीत बसून पोहे भिजवले.

तिसरी रात्र २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र. ही तारीख मी मुद्दाम धरली होती. महाशिवरात्र म्हणजे अमावास्येच्या तोंडावरची रात्र, चंद्राची कटकट नाही. हिला मात्र ते पटलं नव्हतं. लग्न झाल्यापासून प्रतापगडची यात्रा तिनं कधी चुकवली नव्हती. "देवाले सोडून उजेड पाहाले का जाता जी?" असं म्हणत आली, पण आली. उपवास पक्का होता. पिशवीत राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू. मनगटावर घड्याळ, तेही भारतीय वेळेचं. दिल्लीच्या विमानतळापासून मी बदल म्हणत होतो, तिनं बदललं नाही. "धार काढायची वेळ समजली पाहिजे," म्हणे. गाय शेजारी बांधून आलो होतो.

छोट्या टूरवाल्यांचा दुपारीच निरोप आला: आज फिनलंडकडे जाणार, पासपोर्ट सोबत ठेवा, परतायला उशीर होईल. आमचा शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो. संध्याकाळी सहाला व्हॅन आली. आम्ही दोघं धरून आठ प्रवासी आणि गाईड, तीच ड्रायव्हर. माझ्या लेकीएवढी पोरगी. निघण्याआधी तिनं मोबाईलवर उपग्रहाचं चित्र दाखवलं. समुद्राकडून ढगांची फळी सरकत होती आणि आत डोंगरापलीकडे एक कोरडा पट्टा होता. नॉर्वेच्या हवामान खात्याचं 'यर' ॲप, दुसऱ्या गाईडांचे फोन, रस्त्यावरचे कॅमेरे, सगळं ती बघत होती. हे काम मी ओळखलं. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाईन, ट्रिप झाला की आम्हीही असेच पाच ठिकाणी फोन लावतो आणि मग ठरवतो फॉल्ट कुठल्या बाजूला आहे.

स्किबोत्नच्या खोऱ्यातून वर चढता चढता व्हॅनच्या पट्टीवरचं तापमान उणे सहा, उणे अकरा, उणे सतरा असं उतरत गेलं. सीमेवर कोणी अडवलंच नाही, एक पाटी तेवढी. फोनमध्ये मात्र एकदम एक तास वाढला, कारण फिनलंडचं घड्याळ पुढे. हिनं मनगट वर करून दाखवलं. तिचं घड्याळ जागेवर होतं.

वाटेत गाईडनं बिर्केलँड नावाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांकडे वळतात, हे त्यानं निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून दाखवलं होतं. त्याच माणसानं एक विजेची तोफ बनवली होती. १९०३ साली बड्या पाहुण्यांसमोर तिचं प्रात्यक्षिक करताना ती शॉर्ट झाली आणि प्रचंड आर्क, म्हणजे विजेचा लोळ, उडाला. लोक घाबरले. त्याच आर्कवरून पुढे हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायची पद्धत निघाली. मी तिला तोडक्यामोडक्या इंग्रजीत दोनदा विचारून घेतलं की उजेडवाला आणि खतवाला एकच ना? एकच. पस्तीस वर्षांत मी आर्क पुष्कळ पाहिले. त्यातून खत निघालेलं नाही, निघाली ती लेखी खुलाशाची नोटीस.

किल्पिसयार्वीच्या अलीकडे व्हॅन थांबली. उणे एकवीस. त्यांनी दिलेले जाड सूट आणि बूट चढवले. गाईड पुढे चालायला लागली आणि तळ्यावर चढली. सपाट, पांढरं तळं. आमच्याकडं नवेगावबांधचं तळं आहे, पाण्यात जन्म गेलेली माणसं आम्ही, पण तळ्यावर पाय द्यायचा म्हणजे काय? ही काठावर थांबली. वाकून हातमोजा काढला, बोटं बर्फाला टेकवली, मग कपाळाला लावली आणि पाय टाकला. गाईडनं एवढंच सांगितलं की बर्फ ट्रक पेलेल इतका जाड आहे.

शेकोटी पेटली. सगळ्यांना मासळीचं सूप मिळालं, हिला गरम पाणी. दिवे बंद. नॉर्वेच्या घड्याळानं नऊ वाजता उत्तरेला एक फिकट पांढरा पट्टा दिसला, तणस जाळल्यावर सकाळी धूर पसरून राहतो ना, तसा. गाईड म्हणाली, आला. मी म्हटलं, हा? हिनं तर मान फिरवून लाडू काढला. गाईडनं माझा फोन तिपाईवर लावला, आठ सेकंदांचा फोटो घेतला. फोटोत पट्टा हिरवागार. जाणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरून जावं. अंधारात आपल्या डोळ्याला रंग कमी कळतो, कॅमेरा उजेड साठवत जातो. मोबाईलवर फिरणारे सगळे फोटो कॅमेऱ्याचे आहेत. आणि फोन आतल्या खिशात, छातीजवळ ठेवा. माझी ६० टक्क्यांवरची बॅटरी दहा मिनिटांत शून्यावर गेली. त्यामुळे खरा प्रकार झाला त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

तो झाला साडेदहाच्या सुमारास. पट्टा अचानक जाड झाला, मध्येच तुटला आणि डोक्यावर आला. आता डोळ्यालाही हिरवा दिसत होता, खालची कड क्षणभर गुलाबी. हिरवा ऑक्सिजनचा, शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा. गुलाबी कड त्याखालच्या नायट्रोजनची. हे मला वाचून माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही. मी आवाजाची वाट पाहत होतो. उभी हयात ट्रान्सफॉर्मरच्या घुंईजवळ गेलेली, एवढी वीज वर खेळते आणि आवाज नाही, हे कानाला खरं वाटेना. कान सूटच्या टोपीतून बाहेर काढले. काही नाही. फक्त शेकोटीची काटकी तडतडली.

ही वर बघत म्हणाली, "पऱ्ह्यावरून वारा गेल्यावानी दिसते जी."

तसंच दिसत होतं. रोवणीआधी पऱ्हं, म्हणजे धानाची रोपं, कोवळं असतं आणि त्यावरून वारा जातो तेव्हा एक फिकट लाट सरकते, तशी. मग ती दोन्ही हात जोडून काही पुटपुटायला लागली आणि मी बाजूला सरकलो. पाच-सहा मिनिटं झाली असतील. नंतर पुन्हा धुराचा पट्टा.

त्यानंतर तीनेक तास आम्ही तिथेच होतो. दोनदा थोडं चमकलं, पहिल्यासारखं नाही. गटातली एक एकटी आलेली स्कॉटिश म्हातारी झोपून गेली, तिला आमच्या हिनं शाल पांघरली. बर्फावर बसून जागरण कसं काढायचं हे आमच्या हिला कोणी शिकवायला नको होतं, एका पाठोपाठ एक भजनं चालली होती, बारीक आवाजात. फिनलंडच्या तळ्यावर "बम बम भोले" ऐकून गाईडनं विचारलं, गाणं कशाचं? मी म्हटलं, थंड डोंगरावर राहणाऱ्या देवाचं. तिनं समजल्यासारखी मान हलवली.

निघायच्या तयारीत होतो. माझ्या फोनला गाईडच्या चार्जरनं जीव आला होता, त्यात फिनलंडचे तीन दहा वाजले होते. नॉर्वेचे दोन दहा. हिनं टॉर्च मनगटावर धरला.

"सहा चाळीस. गावाकडं उजाडलं."

मग गाईडकडे गेली आणि बोटानं थर्मास दाखवला. तळाशी उरलेलं सूप गाईडनं कपात ओतलं. मी म्हटलं, पारण्याला मासळी? ती काही बोलली नाही. फुंकर मारून एक घोट घेतला, मग दुसरा, मग कप माझ्याकडे केला.

"घ्या. हळद नाही टाकत हे लोक."