असेल कोणी बँडवाला

"तो होय? असेल कोणी बँडवाला," काका म्हणाले आणि भगवानदादांची स्टेप करायला उठले.

टीव्हीवर 'अलबेला' लागला होता, १९५१चा. पडद्यावरचा तो ट्रंपेटवाला म्हणजे चिक चॉकलेट. गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या ताजमध्ये स्वतःचा बँड गाजवणारा, लोक ज्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, तो! संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे अण्णा, यांचा सहायकही.

आमच्याकडे अण्णांच्या चाली सगळ्यांना पाठ. गंमत म्हणजे कडव्याआधीचा ट्रंपेटचा तुकडासुद्धा काका तोंडाने अगदी बरोब्बर वाजवतात. पॅ-पॅपॅ-पॅ! एक सूर इकडचा तिकडे होत नाही.

१९६७ मध्ये गेला चिक चॉकलेट. त्या काळच्या स्टुडिओंत असे किती गोवेकर वादक होते. तुमच्या घरी कुणाला आठवतंय का एखादं नाव?